वाचकांचे प्रश्न : संहिता एकाची, गाणी दुसऱ्याची

अमेरिकेच्या संगीत रंगभूमीवरील गेल्या अंकातल्या लेखात ‘बिग रिव्हर’ या नाटकाचा ओझरता उल्लेख आला होता. एका नाटककाराने आणि कंट्री संगीतातल्या, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकगीतांतून वाढलेल्या संगीतातल्या, एका गीतकाराने मिळून उभे केलेले हे नाटक १९८५ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आले, एवढेच तेथे म्हटले होते. त्या दोन ओळींवरून गोव्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून पत्रे आली, याचे मला मनापासून समाधान वाटते. संगीत नाटकाचे वेड ज्या भूमीत गावोगावच्या जत्रांतून जोपासले गेले, तेथे हा विषय दोन ओळींत संपणार नव्हताच. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहे.

म्हापशाहून एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी विचारतात : हे नाटककार आणि गीतकार कोण होते? नाटकाशी कधी संबंध न आलेला गायक थेट ब्रॉडवेसाठी गाणी कशी लिहू शकला? आणि गाणी त्याची असतील, तर मग नाटककाराने नेमके काय केले?

उत्तर : नाटककाराचे नाव विल्यम हॉप्टमन आणि गीतकार-संगीतकाराचे रॉजर मिलर. मार्क ट्वेन यांची हकलबरी फिन या मुलाची कादंबरी हा नाटकाचा आधार. दारुड्या बापाच्या तावडीतून सुटलेला हक आणि गुलामगिरीतून पळालेला जिम मिसिसिपी नदीवरून तराफ्यावर प्रवास करतात, आणि त्या प्रवासात हकच्या मनात शिकवलेला धर्म आणि अनुभवलेली मैत्री यांचा झगडा चालतो, हे त्याचे सूत्र आहे. रॉको लँडेसमन हे निर्माते मिलरच्या गाण्यांचे निस्सीम चाहते होते, आणि या कादंबरीला मिलरचाच आवाज हवा हा आग्रह त्यांचा होता. हॉप्टमन आणि लँडेसमन दोघेही येल विद्यापीठाच्या नाट्यविद्यालयातले. म्हणजे एक बाजू रंगभूमीच्या रीतसर शिक्षणातून आलेली होती आणि दुसरी पूर्णपणे बाहेरून.

मिलरची बाजू किती बाहेरची होती, हे त्याच्या आयुष्यावरून कळते. १९३६ साली टेक्ससमध्ये जन्मलेल्या या मुलाचे वडील तो वर्षाचा असताना वारले, आणि आईला तीन मुलगे सांभाळणे अशक्य झाल्यामुळे तिघेही तीन काकांकडे वाटले गेले. रॉजर ओक्लाहोमातील एरिक नावाच्या लहानशा गावी वाढला, शेतात कापूस वेचू लागला. चुलत बहिणीच्या नवऱ्याने त्याला गिटारचे पहिले धडे दिले आणि फिडल घेऊन दिले. पुढे सैन्यात जाऊन आल्यावर तो कंट्री संगीताचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला पोहोचला, तेव्हा गाणी विकली जाईपर्यंत तेथल्या एका हॉटेलात पाहुण्यांचे सामान उचलण्याचे काम त्याने केले. १९६४ आणि १९६५ ही दोन वर्षे मात्र त्याचीच होती. त्या काळातील गाण्यांसाठी दोन समारंभांत मिळून त्याला ग्रॅमी हे अमेरिकेतील संगीताचे मानाचे पुरस्कार अकरा मिळाले. खिशात दमडी नसलेल्या भटक्या माणसाचे ‘किंग ऑफ द रोड’ हे गाणे जगभर गेले ते याच काळात.

एरवी हा मोठा गाणारा रंगभूमीवर येऊन चार लोकप्रिय गाणी पेरून गेला असता. तसे घडले नाही, याचे एक कारण त्याचे पूर्वायुष्य आणि दुसरे हॉप्टमनची संहिता. हकसारखाच आईवडिलांवाचून वाढलेला, खेड्यातली बोली जिभेवर असलेला माणूस त्या पात्रांच्या तोंडी शब्द घालत होता. दक्षिणेकडच्या गरीब गोऱ्यांच्या बोलण्यात अडाणीपणा, चीड आणि विनोद कसे एकत्र नांदतात, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. कादंबरीत हकचा बाप दारूच्या नशेत सरकारला शिव्या घालतो, असा एक प्रसिद्ध परिच्छेद आहे. गद्यात ते एक लांबलचक, चढत जाणारे भाषण आहे. मिलरने त्याचे गाणे केले तेव्हा भाषणाचा तपशील जवळजवळ सगळा टाकून दिला. उरली ती एकच सौम्य शिवी आणि ‘सरकार’ हा एकच शब्द, आणि गाणारा माणूस त्याच दोन शब्दांभोवती पुन्हा पुन्हा अडखळत फिरतो. पुढचे वाक्य त्याला सापडतच नाही. नशेतल्या माणसाच्या बुद्धीची अवस्था गाण्याच्या रचनेतूनच प्रेक्षकाला कळते. हे काम गीतकाराचे. पण ते भाषण या ठिकाणी गाणे व्हावे, आधीच्या प्रवेशात बापाची दहशत पुरेशी दाखवून झालेली असावी, म्हणजे हसता हसता प्रेक्षकाला भीतीही वाटेल, ही जागा मोकळी ठेवणे नाटककाराचे काम.

हॉप्टमनचा हात याहून स्पष्ट दिसतो तो दुसऱ्या एका ठिकाणी. नाटकाच्या पूर्वार्धात हक आपल्याला अजून वाट दिसत नसल्याचे एक साधे गाणे म्हणतो. उत्तरार्धात, जिमला सोडवले तर आपण नरकात जाऊ असे मनापासून मानत असतानाही त्याला सोडवायचेच, असा निर्णय तो घेतो, आणि तेव्हा तेच गाणे पुन्हा येते. पहिल्या वेळी जे एका भांबावलेल्या मुलाचे गाऱ्हाणे होते, ते दुसऱ्या वेळी निर्धार होऊन येते. गाणे बदलत नाही, गाण्याआधीचा प्रवेश बदलतो. मूळ कादंबरी हकच्या निवेदनात आहे, आणि ते निवेदन हॉप्टमनने हकच्याच तोंडी, प्रेक्षकांशी थेट बोलत राहील अशा रीतीने ठेवले. त्यामुळे मुलाचा आवाज कधी बोलण्यातून तर कधी गाण्यातून आला, तरी माणूस एकच राहतो.

नाटक १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आणि मग कॅलिफोर्नियातील ला होया येथे झाले, आणि या मुक्कामांनंतर एप्रिल १९८५ मध्ये डेस मॅकनफ यांच्या दिग्दर्शनाखाली न्यूयॉर्कला आले. त्याला टोनी हे ब्रॉडवेवरील नाटकांचे मानाचे पुरस्कार सात मिळाले. त्यांत सर्वोत्कृष्ट संगीत नाटक, संहितेसाठी हॉप्टमन आणि गीत-संगीतासाठी मिलर असे तिन्ही मुख्य मान होते. त्याचे १,००५ प्रयोग झाले. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, की तो हंगाम संगीत नाटकांच्या दृष्टीने इतका दुबळा होता, की त्या वर्षी संगीत नाटकातील मुख्य अभिनेता, मुख्य अभिनेत्री आणि नृत्यरचना हे पुरस्कारच दिले गेले नाहीत. स्पर्धा कमी होती हे खरे. पण दुबळ्या हंगामात जिंकलेली बहुतेक नाटके विस्मरणात जातात, आणि हे गेले नाही. २००३ मध्ये डेफ वेस्ट या संस्थेच्या बधिर आणि ऐकू येणाऱ्या नटांनी मिळून ते पुन्हा ब्रॉडवेवर आणले. त्यात हकची भूमिका बधिर नट हातांच्या खुणांनी करीत असे, आणि त्याचा आवाज मार्क ट्वेनची भूमिका करणारा नट देत असे. हा आवाज देणारे डॅनियल जेंकिन्स म्हणजे १९८५ च्या मूळ प्रयोगातले हक. संहिता आणि गाणी दोन्ही पक्की असल्याशिवाय एखादे नाटक असा प्रयोग पेलू शकत नाही, असे माझे मत आहे.

फोंड्याहून एक संगीत शिक्षिका लिहितात : आपल्या संगीत नाटकांत पदे बहुधा नाटककारच लिहीत आले. मग अमेरिकेत ही विभागणी का? आणि अशा जोडीत मोठा कोण मानायचा?

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा संहिता आणि पदे एकाच लेखणीतून उतरली. देवलांनी, खाडिलकरांनीही पदे स्वतः रचली. आपल्याकडे विभागणी झाली ती शब्द आणि चाल यांच्यामध्ये. ‘मानापमान’ला १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, ‘स्वयंवर’ला १९१६ साली भास्करबुवा बखल्यांनी. ‘बिग रिव्हर’मध्ये रेघ वेगळ्या ठिकाणी पडली, कारण मिलर शब्द आणि चाल दोन्ही स्वतः करीत असे. कंट्री संगीतात असा स्वतः लिहून स्वतः गाणारा कलावंत नवलाचा नाही. ब्रॉडवेवर मात्र पुष्कळदा संहिता एकाची, गीते दुसऱ्याची आणि संगीत तिसऱ्याचे अशी वाटणी असते, आणि मानधनाचे हिस्सेही परंपरेने तसेच तीन पडतात.

मोठा कोण, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र मला थोडे थांबावेसे वाटते, कारण त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे आणि ते आपण विसरलो आहोत.

‘एकच प्याला’ हे नाटक राम गणेश गडकऱ्यांचे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले. त्याची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. बालगंधर्वांच्या सिंधूने ज्या पदांनी दोन पिढ्यांना रडवले, ती पदे गडकऱ्यांची नाहीत. ‘कशि या त्यजू पदाला’ हे पद आजही गोव्यातल्या कोणत्याही नाट्यगीतांच्या बैठकीत होते. निवेदक रागाचे नाव सांगतो, मूळ गायकाचे नाव आदराने घेतो, नाटक आणि नाटककार सांगतो, आणि पदकर्त्याचे नाव बहुतेक वेळा कोणाच्याच ओठांवर येत नाही. गाणाऱ्या मुलीलाही ते ठाऊक नसते, कारण तिच्या गुरूंनी तिला ते सांगितलेले नसते.

आता त्या पदाची जागा पाहा. माहेरी चल म्हणून सांगायला आलेल्या भावापुढे सिंधू नवऱ्याला सोडून जायला नकार देते, तेथे ते आहे. आज तो नकार आपल्याला पटो न पटो, नाटकाची सगळी शोकांतिका त्या क्षणावर टेकलेली आहे. गडकऱ्यांचे गद्य अलंकारांनी ओथंबलेले, आणि तेथे गुर्जरांनी पदात नवी माहिती काहीच दिली नाही. सिंधूचा नकार फक्त इतका स्थिर केला, की नंतर कोणत्याही युक्तिवादाला वाव उरू नये. दुसऱ्याच्या नाटकात, दुसऱ्याच्या नायिकेच्या तोंडी, आपले चातुर्य न दाखवता लिहिणे ही मोठी साधना आहे. मिलरने ती केली म्हणून त्याला टोनी मिळाले. गुर्जरांनी ती केली आणि त्यांचे नाव श्रेयनामावलीत राहिले, लोकांच्या तोंडी राहिले नाही.

अमेरिकेत याच्या नेमके उलटे झालेले दिसते. रॉजर मिलरचे नाव तिकडे घरोघरी माहीत आहे, आणि ‘बिग रिव्हर’ची गाणी शाळा-महाविद्यालयांतून गायली जातात. विल्यम हॉप्टमन हे नाव नाटकाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे ऐकू येत नाही. तिकडे संहितेचा लेखक मागे पडला, इकडे पदांचा. कारण प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे. ब्रॉडवेच्या नाटकाची तबकडी निघते ती गाण्यांची. प्रयोग बंद झाल्यावर लोकांच्या घरी तीच राहते, आणि संवाद प्रयोगाबरोबर विरून जातात. आपल्याकडे छापील नाटक टिकले, ते अभ्यासक्रमांत लागले आणि त्याच्या मुखपृष्ठावर नाटककाराचे नाव होते. पदांची तबकडीही निघाली, पण तिच्यावर मोठे नाव गायकाचे.

१९६४ नंतरचा काळ घेतला तर मंगेशीच्या पंडित जितेंद्र अभिषेकींमुळे संगीतकाराला त्याचे स्थान मिळाले, याचा गोवेकरांना सार्थ अभिमान आहे. ‘मत्स्यगंधा’, ‘कट्यार काळजात घुसली’ ही नाटके त्यांच्या नावाने ओळखली जातात. पण ‘मत्स्यगंधा’ची पदे वसंत कानेटकरांची आहेत आणि ‘हे बंध रेशमाचे’ या रणजित देसाईंच्या नाटकातील ‘काटा रुते कुणाला’ शांता शेळके यांचे आहे, हे बैठकीत किती वेळा सांगितले जाते? आपण शिक्षिका आहात. पद शिकवताना वहीत रागाच्या आणि तालाच्या वर पदकर्त्याचे नाव लिहायला लावावे, एवढी विनंती आपल्याला आणि आपल्यासारख्या सर्वांना करतो. मोठा कोण हे ठरवण्याआधी दोघांची नावे माहीत असणे आवश्यक आहे.

पेडण्याहून एक निवृत्त शिक्षक विचारतात : तियात्रातील कांतारे आणि ब्रॉडवेची गाणी यांत साम्य मानावे काय?

उत्तर : थोडेच. तियात्राचा, म्हणजे गोवेकरांच्या कोंकणी संगीत नाट्यप्रकाराचा, पहिला प्रयोग १८९२ साली मुंबईत झाला, म्हणजे ‘शाकुंतल’नंतर बारा वर्षांनी, आणि त्याची बांधणी पहिल्यापासून निराळी आहे. दोन प्रवेशांच्या मध्ये पडद्यापुढे येऊन म्हटले जाणारे कांतार कथेशी जोडलेले असेलच असे नाही. ते राजकारणावर असेल, महागाईवर असेल, व्यसनावर असेल. त्यामुळे तियात्रात गाणाऱ्याची स्वतःची कीर्ती तियात्राच्या लेखकापासून स्वतंत्रपणे वाढू शकते, आणि प्रेक्षक केवळ त्याच्या कांतारासाठीही येतो. ब्रॉडवेच्या ज्या प्रकाराबद्दल आपण बोलत आहोत, त्यात गाणे कथेतून बाहेर काढले तर कथेत खिंडार पडले पाहिजे. दोन्ही पद्धतींना आपापले शास्त्र आहे, आणि एकीच्या मापाने दुसरीला मोजू नये. साम्य शोधायचेच असेल तर ते कंट्री गीतकार आणि कांतार लिहिणारा यांच्यात शोधावे. दोघेही थोडक्या कडव्यांत एक संपूर्ण गोष्ट सांगतात आणि शेवटच्या कडव्यात तिला कलाटणी देतात.

मडगावहून एक वाचक लिहितात : एवढे यश मिळाल्यावर या दोघांनी ब्रॉडवेसाठी दुसरे नाटक का केले नाही? अशा कारकिर्दीला यशस्वी म्हणावे काय?

उत्तर : मिलर काही काळ आपल्याच नाटकात हकच्या बापाची भूमिकाही करीत होता. ती आधी जॉन गुडमन करीत असत. १९९२ मध्ये वयाच्या ५६ व्या वर्षी तो कर्करोगाने गेला, आणि १९९५ मध्ये कंट्री संगीताच्या मानाच्या दालनात त्याचे नाव दाखल झाले. ब्रॉडवेवर त्याचे हेच एक नाटक. हॉप्टमन नाटके लिहीत राहिले, कथा आणि कादंबरीही लिहिली, पण ब्रॉडवेचे संगीत नाटक म्हणून त्यांच्या नावावरही हे एकच आहे.

मला याचे कारण कामाच्या पद्धतीत दिसते. नॅशव्हिलमध्ये दोन-तीन गीतकार सकाळी एका खोलीत बसतात आणि संध्याकाळपर्यंत गाणे तयार असावे अशी अपेक्षा असते. ते कोणी ध्वनिमुद्रित केले तर पैसे येतात, नाही तर दुसऱ्या दिवशी दुसरे गाणे. नाटक वर्षे मागते. ब्रँडी क्लार्क आणि शेन मॅकनॅली हे नॅशव्हिलचे दोन नावाजलेले गीतकार रॉबर्ट हॉर्न या नाट्यलेखकाबरोबर मक्याच्या शेतीवर जगणाऱ्या एका गावाचे ‘शक्ड’ हे विनोदी संगीत नाटक करू लागले. त्याचे आधीचे रूप २०१५ मध्ये डॅलस येथे वेगळ्या नावाने झाले, आणि ते मोडून, नव्याने बांधून ब्रॉडवेवर यायला २०२३ उजाडले. ज्यांची गाणी दरवर्षी मोठे गायक गातात, त्यांनी एका नाटकासाठी एवढा काळ द्यायचा म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने तो तोट्याचाच सौदा. तो ज्यांनी केला त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

डॉली पार्टन यांचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावे. ‘नाइन टू फाइव्ह’ या त्यांच्याच चित्रपटावर बेतलेल्या नाटकाची गाणी त्यांनी लिहिली. संहिता पॅट्रिशिया रेझनिक यांची होती, आणि मूळ पटकथेतही त्यांचा हात होता. २००९ साली ब्रॉडवेवर ते आले आणि १४८ प्रयोगांत बंद झाले. वर्तमानपत्री हिशेबाने ते अपयश होय. पण पुढे ते अमेरिकेत गावोगाव फिरले, लंडनच्या वेस्ट एंडला गेले आणि हौशी मंडळींनी उचलून धरले. म्हणून एकाच नाटकावर थांबलेल्या कारकिर्दीला मी कमी लेखणार नाही. ज्याचे एक नाटक मूळ प्रयोगानंतर अठरा वर्षांनी दुसऱ्याच भाषेत, हातांच्या खुणांच्या भाषेत, पुन्हा उभे राहते, त्याचे काम फुकट गेले असे कोण म्हणेल?

सत्तरीहून एका हौशी नाट्यमंडळाचे कार्यवाह लिहितात : आमच्या देवळाच्या जत्रेत दरवर्षी संगीत नाटक होते. ‘बिग रिव्हर’चे मराठी रूपांतर करून ते जत्रेत आणि पुढे स्पर्धेत करता येईल काय? नदी आमच्या गावालाही आहे.

उत्तर : उत्साह पाहून बरे वाटले. मात्र येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. मार्क ट्वेन १९१० मध्ये वारले. त्यांची कादंबरी कोणाच्याही मालकीची उरलेली नाही, आणि तिच्यावरून आपण स्वतंत्र मराठी नाटक लिहू शकता, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. हॉप्टमनची संहिता आणि मिलरची गाणी यांच्यावर मात्र हक्क आहेत. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात. मिलर १९९२ मध्ये गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे हिशेब आपणच करू शकाल. भाषांतर करणे, चाली तशाच वापरणे, गाण्यांची अदलाबदल करणे, या प्रत्येकासाठी लेखी परवानगी आणि मानधन लागते. प्रयोग विनातिकीट देवळासमोर असला तरी ती घेणेच योग्य. ब्रॉडवेच्या प्रथेत नाटकाची मालकी लेखकांकडे राहते, आणि त्यांच्या संमतीवाचून एक ओळही बदलता येत नाही. चित्रपटात तसे नसते.

माझा सल्ला असा, की मूळ कादंबरीच घ्या आणि आपले नाटक लिहा. परंतु नदी आहे म्हणून मिसिसिपीच्या जागी मांडवी किंवा म्हादई घालून भागणार नाही. जिम हा विकत घेतलेला, विकता येणारा माणूस आहे, आणि त्याला पळून जायला मदत करणे त्या काळच्या कायद्याने गुन्हा आहे. हे ओझे मराठी रूपांतरात हलके झाले तर उरते ते दोन सोबत्यांचे सहलीचे नाटक. गोव्याच्या स्वतःच्या इतिहासातही गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचा काळ आहे. तेथून सुरुवात करण्याचे धाडस आपले मंडळ करील तर मी प्रयोगाला अवश्य येईन.

डिचोलीहून दोन मित्र एकाच पत्रात लिहितात : आमच्यापैकी एक नाटके लिहितो आणि दुसरा भजने व भावगीते रचून चाली लावतो. मिळून संगीत नाटक करायचे आहे. आधी काय लिहावे, गाणी की प्रवेश?

उत्तर : आधी प्रवेश. पण पूर्ण नव्हे. नाटककाराने पहिला खर्डा गाण्यांवाचून लिहावा आणि तो मित्राला मोठ्याने वाचून दाखवावा. ऐकताना जेथे पात्राचे बोलणे थिटे पडते आहे असे गीतकाराला वाटेल, तेथे त्याने खूण करावी. मग नाटककाराने त्या जागेचे उत्तम संवाद कापावेत. ते त्याला जड जाईल, कारण बहुधा तेच त्याचे आवडते असतील. हकच्या बापाच्या गाण्याबद्दल वर लिहिले आहे ते पुन्हा पाहा. कादंबरीतले सगळे भाषण तसेच ठेवून वर गाणे दिले असते, तर प्रेक्षकाला एकच गोष्ट दोनदा ऐकावी लागली असती. आपल्या हौशी नाटकांत हा दोष फार आढळतो. पात्र गद्यात सगळे दुःख सांगून मोकळे होते, मग पेटीवर सूर मिळतो आणि तेच दुःख पदात पुन्हा येते.

गीतकाराने भजनाची सवय काही काळ बाजूला ठेवावी. भजनात रचणाऱ्याची नाममुद्रा शेवटच्या चरणात येते आणि ते योग्यच आहे. नाटकातील पद मात्र पात्राचे असते. शब्द त्या पात्राला येतील तेवढेच वापरावेत. काणकोणच्या पाड्यावरील म्हातारीच्या तोंडी संस्कृतप्रचुर चरण घालू नयेत, चाल कितीही गोड बसत असली तरी. बाकी चाल कोणत्या रागावर, गाणी किती, हे आपण आपले ठरवाल.

व्यवहाराचे दोन शब्द मैत्री असतानाच लिहून ठेवा. संहिता, शब्द आणि चाल असे तीन हिस्से धरा. दुसऱ्या मित्राकडे त्यांतले दोन जातात, हे पहिल्याने आधीच मान्य करावे, किंवा दोघांनी अर्धे-अर्धे ठरवावे. दोन्ही रीती चालतात, न ठरवलेले मात्र चालत नाही. उद्या कोणी ते नाटक दुसऱ्या गावात केले, गाणे वेगळे काढून बैठकीत गायले किंवा ध्वनिमुद्रित केले, तर कोणाला विचारायचे, तेही त्याच कागदावर असावे. जाहिरातीत आणि प्रवेशपत्रिकेवर दोघांची नावे एकाच मापाच्या अक्षरांत छापा, आणि तालमीला पेटीवाला पहिल्या दिवसापासून बोलवा. शेवटच्या आठवड्यात आलेल्या पेटीवाल्याला गाणे कापावे असे वाटले, तरी तोवर ते सांगण्याची वेळ निघून गेलेली असते.